नंबरबाईचा मिटका

"विसरतो तोच विश्वासाचा," असं माझी आत्या म्हणायची. दिवसातून पाचदा म्हणायची. दूध नासलं तरी म्हणायची आणि शेजारणीशी वाजलं तरी म्हणायची. या म्हणण्याचा नासलेल्या दुधाशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दुधाला कालची ऊब आठवत राहते, म्हणून तर ते नासतं."

आख्खी बाजारपेठ तिला नंबरबाई म्हणायची. तरुणपणी बावीस वर्षं ती टेलिफोन ऑफिसात बसली. समोर भोकांचा उभा फळा, हातात दोऱ्यांची टोकं, कानाला हेडफोन. कोणी घरचा फोन उचलला की फळ्यावर एक बारीक दिवा लागायचा, आणि उचलणाऱ्याला तिचा आवाज ऐकू यायचा, "नंबर?" एवढा एकच शब्द. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुढे आपोआप लागणारे फोन आले, तो फळा भंगारात गेला, आत्या घरी आली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

लग्न तिने केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर सांगायची, "नवरा झोपेत बोलला असता, आणि ते मला ऐकावं लागलं असतं." लोक हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्यात तिने कधी भाग घेतला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नोकरी गेल्यावर तिने चांभाराच्या दुकानावरची खोली घेतली आणि तीन संगणक मांडून लोकांना बसू द्यायला सुरुवात केली. हातातल्या फोनवर सगळं जग येण्याच्या आधीचे ते दिवस. निकाल बघायला, अर्ज भरायला, लांबच्या माणसाला पत्र धाडायला लोक तिचा लाकडी जिना चढायचे. अकरा पायऱ्या. त्यातली सातवी पाय पडला की कुईऽऽ करायची. चांभार म्हणायचा, "नंबरबाई, दोन खिळ्यांचं काम आहे, ठोकून देतो." आत्या म्हणायची, "हात लावशील तर बघ. ती माझी राखण आहे." पायरीच्या आवाजावरून ती येणारा ओळखायची. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कोण नुसतं डोकावायला आलाय.

खोलीत संगणकांचे तिन्ही पडदे भिंतीच्या बाजूला वळवलेले होते, म्हणजे दारातून कोणाचंच काही दिसू नये. दर दोन यंत्रांच्या मधे जाड तपकिरी कापड टांगलेलं. ते समोरच्या टेलर मास्तरांनी शिवलं होतं, कोटांच्या उरलेल्या अस्तराचं. भिंतीवर आरसा नव्हता, कारण आरशात मागच्याचं दिसतं. घड्याळाला काच होती, म्हणून ते उंच छताजवळ. आत्या स्वतः दाराशी, लोकांकडे पाठ करून बसायची. हातात विणकाम. वही नाही, नाव-गाव विचारणं नाही.

आणि त्या तिन्ही यंत्रांत मिटका होता.

आता मिटका म्हणजे काय, ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. तो एक ब्राउझर होता, इंटरनेटवर जायचं दार. खरं नाव परदेशी आणि जिभेला न झेपणारं. कुठल्याशा मासिकाला चिकटून आलेल्या सीडीच्या तबकडीतून आत्याने तो उतरवून घेतला होता. त्याचं चिन्ह म्हणजे एक मिटलेला डोळा, खाली तीन पापण्या. म्हणून मिटका. रंगाने राखाडी, चालीने मंद. अर्धी पानं त्याच्यात वेडीवाकडी उघडायची, काही उघडायचीच नाहीत. दर वेळी पासवर्ड पुन्हा टाका, दर वेळी पत्ता पहिल्या अक्षरापासून लिहा. काम संपवून खिडकी बंद केली की एक बारीक केरसुणी डावीकडून उजवीकडे फिरायची आणि खाली उमटायचं की काहीही उरलं नाही. इंग्रजीतच उमटायचं. त्या एका ओळीचा अर्थ आत्याने विचारून घेतला होता आणि ती ती ओळ एखाद्या आशीर्वादासारखी वाचायची. दुसऱ्या माणसाने उघडावं तर मिटका पुन्हा तान्हा. आधी कोण बसलं होतं, काय बघितलं, कशाला रडलं, काही ठाऊक नाही.

गिऱ्हाईक कुरकुरायचं. "नंबरबाई, खालच्या आळीत नवा ब्राउझर आलाय. दोन अक्षरं टाकली की पुढचं तोच लिहितो."

आत्या सुई थांबवायची. "मी अजून तोंड उघडलेलं नाही आणि ह्याला कसं कळलं मला काय हवंय? असा माणूस तुझ्या दारात आला तर तू त्याला पाट मांडशील, की अंगावर कुत्रं सोडशील?"

गिऱ्हाईक उठताना खिडकी त्यानेच बंद करायची आणि केरसुणी त्यानेच बघायची, हा तिचा नियम. मग ती फडकं घेऊन कळफलक पुसायची. "बोटांनासुद्धा मागे काही ठेवायची खोड असते."

आत्याचा कोणावर विश्वास नव्हता. पोस्टमन पाकीट उजेडात धरतो असं तिला वाटायचं. चांभार चपला बघून कोण कुठे गेलं ते ओळखतो असं वाटायचं, आणि ते बहुधा खरंही होतं. माझ्यावरही तिचं लक्ष असायचं. मी तेव्हा गावाहून सकाळी भाजी घेऊन पेठेत यायचो, आणि माल संपला की दुपारी तिच्याकडे जेवायचो. जेवताना मी पडद्यांकडे बघत नाही ना, हे ती माझ्या ताटाकडे बघत बघत बघायची.

फक्त दोघांना तिने सूट दिली होती. एक मिटका. दुसरा समोरचा तारवाला.

तारवाल्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, बरोबर आमच्या जिन्यासमोर. पेठेतल्या सगळ्या घरांच्या नेटच्या तारा त्याच्या खांबावर यायच्या, तिथून त्याच्या दुकानातल्या पत्र्याच्या कपाटात शिरायच्या. दिवसभर तो शिडीवर किंवा कपाटाशी. हसरा, बोलका माणूस. लाइन गेली की शिट्टी वाजवत यायचा. आत्या त्याला स्वतः चहा करून द्यायची, आणि हे पेठेत दुसऱ्या कोणाच्या नशिबी नव्हतं. "तारेचा माणूस आहे," ती म्हणायची, "आपल्या धंद्यातला."

आता शिंप्याच्या, म्हणजे त्या टेलर मास्तरांच्या, सुनेचं सांगतो. त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळं मागाहून कळलं.

टेलर मास्तर दुपारी दोनला कापड बेतायच्या टेबलावरच आडवे व्हायचे, तीनला उठायचे. त्यांचा मुलगा त्या वेळात शिवलेले कपडे सायकलवरून पोचवायला जायचा. त्या तासाभरात सून मनगटाला बटणांची पिशवी अडकवून बाहेर पडायची. बटणं घ्यायला पाच मिनिटं लागायची. पुढची वीस मिनिटं ती आमच्या कोपऱ्यातल्या यंत्रापाशी असायची. सातवी पायरी तिच्या पायाखाली जेमतेम बोलायची, इतकी ती हलकी चढायची.

तिला परिचारिका व्हायचं होतं. मोठ्या शहरात तीन वर्षांची शाळा होती, राहणं-जेवण तिथेच. लग्नाआधी ती शाळेत पहिली यायची. सासरी तिने एकदा विषय काढला होता, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले होते, "मग काजं कोण करणार?" बटणाची काजं तिच्यासारखी पेठेत कोणाच्या हातची होत नसत. गिऱ्हाईक कोटाच्या काजावरून बोट फिरवायचं आणि मास्तरांना शाबासकी द्यायचं. तेव्हापासून ती घरात त्यावर अवाक्षर बोलली नाही. मिटक्यावर तिने अर्ज भरला, मिटक्यावर तो मंजूर झाल्याचं वाचलं. आता एका गुरुवारी शाळेत मुलाखत होती, सोबत मूळ प्रमाणपत्रं. हे तिने एकट्या आत्याला सांगितलं होतं. प्रवेशाचं पत्र हातात पडेपर्यंत घरी कळता कामा नये, एवढंच तिचं गणित. कळलं तर दार बंद, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं.

त्या गुरुवारच्या दहा दिवस आधी सातवी पायरी वाजली ती अशी की आत्याने डोळे न उचलता म्हटलं, "हा रागाने चढतोय."

सुनेचा नवरा होता. मी जेवत होतो.

"नंबरबाई, माझी बायको इथे काय बघते?"

"इथे कोण काय बघतं ते मी बघत नाही."

"नर्सांच्या शाळेचं बघते. रोज दोनच्या सुमाराला."

"तुला सगळं ठाऊक आहे, तर मला कशाला विचारतोस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"माझं तोंड फक्त नंबर विचारायला होतं बाबा. तेही सरकारने बंद केलं."

तो कोपऱ्यातल्या यंत्राशी बसला. मिटका उघडला. पांढरं पान. त्याने इथे टिचकी मारली, तिथे मारली, पानं मागे नेऊन बघितली. मागे काही नव्हतंच.

"यात काहीच नाही."

"असतं तर मी त्याला घरात ठेवला नसता."

"मग मला कळलं ते खोटं?"

खोटं आत्या बोलायची नाही आणि खरं सांगायचं नव्हतं. सुईवरचे टाके मोजत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुला सांगितलं कोणी?"

"कोणी का सांगेना. भिंतीला कान असतात."

"भिंतीला असतील. माझ्या खोलीला नाहीत."

तो गेला. जाताना सातव्या पायरीला लाथ घातली.

त्या दिवसापासून सुनेचं बाहेर पडणं बंद झालं. घरची पेटी उघडली तर तिची प्रमाणपत्रं पेटीत नव्हती. गाद्या उसवल्या, डबे पालथे घातले, कागद काही मिळाले नाहीत. ती म्हणाली, मला माहीत नाही. कोणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी ती सासूबरोबर खाली चांभाराकडे आली, चपलेचा पट्टा तुटल्याचं निमित्त करून. सासू दाराशी उभी. आत्या जिना उतरली. सून चपलेवर वाकलेली, मान वर न करता एवढंच बोलली, "बाई, दोघींनाच ठाऊक होतं. मी कोणाला बोलले नाही." आणि पट्टा लागायच्या आतच निघून गेली.

आत्या वर आली ती पायरी न्‌ पायरी धरत.

पेठेला आयता विषय मिळाला. नंबरबाईची जुनी खोड, असं लोक म्हणू लागले. माझ्या शेजारी कांदे विकणारी म्हातारी मला म्हणाली, "भाच्या, तुझ्या आत्याच्या कानाचा हेडफोन निघाला नाही म्हणे अजून." हसलो, पण तिच्याकडे न बघता. कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. पाठ करून बसणारा माणूस ऐकत नाही असं थोडंच आहे? तिचे कान घराण्यात प्रसिद्ध. लहानपणी आम्ही अंगणात कुजबुजलेलं तिला माजघरात कळायचं.

चार दिवसांत खोली रिकामी झाली. दुपारी मी जेवायला बसलो की ती समोर बसायची आणि आमच्या दोघांच्या मधे पाण्याच्या तांब्यासारखा संशय ठेवलेला असायचा.

"तू रोज दोनलाच जेवतोस," ती एकदा म्हणाली.

"माल दीडला संपतो, आत्या."

"पडद्याला कधी कोपर लागलं असेल तुझं. लागतं माणसाचं."

"आत्या, मला विचारायचं तर सरळ विचार."

"विचारलं."

"मी नाही. आणि तू?"

मी हे बोललो आणि माझी जीभ मलाच परकी वाटली. ती रागावली नाही. माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि म्हणाली, "बरं केलंस. मनात ठेवलं असतंस तर नासलं असतं."

मग तिने एक सापळा लावला. कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. सलग दोन दिवस दुपारी, खोलीत चिटपाखरू नसताना, ती मिटक्यासमोर बसली आणि मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघाचं पान वाचत राहिली. पेट्या कशा करायच्या, राणीमाशी कशी ओळखायची. तिला माशांचा लहानपणापासून तिटकारा. तोंडाने शब्द काढला नाही, कागदावर लिहिला नाही. दर वेळी खिडकी बंद केली, केरसुणी बघितली, कळफलक पुसला. तिचा हिशेब असा की हे कोणाच्या तोंडी आलं, तर ते तिच्या किंवा माझ्या पोटातून गेलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि ती जिना उतरत होतो. तारवाला शिडीवर होता. खुशीत ओरडला, "काय नंबरबाई! मध कधी खाऊ घालताय?"

आत्या सातव्या पायरीवर थांबली. पायरी कुईऽऽ करत राहिली.

मला वाटलं हा काहीतरी विनोद. पण ती वळली आणि वर गेली. खोलीत येऊन मिटक्यासमोर उभी राहिली आणि त्याला, माणसाला बोलावं तसं, म्हणाली, "तूसुद्धा?"

मग तिने मला सापळ्याचं सांगितलं. लोकांनी बोल लावला तेव्हा ती रडली नव्हती, सुनेने बोल लावला तेव्हाही नाही. आता डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर एका मुक्या यंत्रावर जीव टाकला होता, आणि ते चहाडखोर निघालं.

मी शाळा फार केली नाही, पण वाचायचं म्हटलं की मी मागे हटत नाही. मिटक्याच्या एका कोपऱ्यात प्रश्नचिन्ह होतं, त्यावर आजवर कोणी टिचकी मारली नव्हती. मी मारली. इंग्रजीचं बारीक अक्षरांचं पान उघडलं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक शब्द लावत गेलो. दोन तास गेले. वर मिटक्याची थोरवी होती, ती आम्हाला ठाऊकच होती. सगळ्यात खाली लिहिलं होतं ते असं: मी या संगणकावर तुमचा माग ठेवत नाही. पण तुमची तार ज्याच्या हातून जाते, त्याला तुम्ही कोणत्या ठिकाणी जाता ते दिसू शकतं. त्याच्यापासून मी तुम्हाला लपवू शकत नाही.

पुढे एक तारीखही होती. त्याच्या कर्त्यांनी दोन वर्षांपूर्वीच काम थांबवलं होतं आणि लोकांना दुसरं काही शोधा म्हणून कळवलं होतं. आत्याला ते कसं कळणार? मिटक्याने खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही वरची ओळ वाचली, खालची वाचली नाही.

मी वाचून दाखवलं. आत्या उठून खिडकीशी गेली आणि खांबाकडे बघू लागली. सगळ्या तारा तिथून त्या पत्र्याच्या कपाटात जात होत्या.

"मधे," ती म्हणाली. "मधे बसलाय तो. मी जिथे बसत होते तिथे." मग हसली, पण ते हसणं ऐकवेना. "पेठेत एकटी मी अशी, जिला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

आणि तिने मला पाववालीची गोष्ट सांगितली. बोर्डावर बसून दोन वर्षं झाली होती. नियम असा की जोडणी झाली की ऐकण्याची किल्ली, म्हणजे फळ्यावरची बारीक दांडी, वर करायची, ऐकायचं नाही. एकदा तिने किल्ली वर केली नाही. डॉक्टर कोणाला तरी सांगत होते की पाववालीचं दुखणं बरं होणारं नाही, तिला सध्या कळू देऊ नका. पाववालीने आत्याला लहानपणी रोज एक गरम पाव फुकट दिलेला. आत्याला राहवेना. तिने फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. भल्यासाठी सांगितलं, की बाईची काळजी घ्या. दोन दिवसांनी पाववालीला ते नळावर कळलं, पाणी भरता भरता, चार बायकांसमोर. घरी जाऊन तिने भिंतीकडे तोंड केलं ते पुन्हा वळवलं नाही.

"मी एकीलाच सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "एकीलाच."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, ती तारवाल्याच्या दुकानात गेली. मी मागे. कपाटाशेजारी एक पडदा उघडा होता, त्यावर ओळी खालून वर सरकत होत्या. वेळ, घराचं नाव, ठिकाणाचं नाव. एका ओळीत 'नंबरबाई वरची खोली' मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

"तू ऐकतोस?" आत्याने विचारलं.

"ऐकत नाही हो, नुसतं बघतो. बसून बसून करमत नाही." तो ओशाळला नव्हता. स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना."

"शिंप्याच्या मुलाला तू सांगितलंस."

"रोज दोनला तुमच्याकडून ती नर्सांची शाळा दिसायची, आणि रोज दोनला ती बटणांची पिशवी जिना चढताना दिसायची. न कळायला काय झालं? माझा मित्र आहे तो. उद्या बायको निघून गेली तर? मी त्या एकालाच सांगितलं, नंबरबाई. भल्यासाठीच."

आत्याने भिंतीला हात टेकला. मला वाटलं आता ती त्याची सालटी काढणार. पण ती इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"किल्ली वर करायला शिक," ती म्हणाली. "नाहीतर माझ्यासारखा म्हातारा होशील."

"तुम्ही नव्हता का ऐकत?" तो म्हणाला. चिडवत नव्हता, खरंच विचारत होता.

"होते. म्हणून सांगतेय."

रस्ता ओलांडताना ती मला म्हणाली, "तो बंद करणार नाही." मलाही तसंच वाटलं, अजूनही वाटतं.

गुरुवारी सकाळी तिने दोन्ही तपकिरी पडदे उतरवले, घडी करून हातावर घेतले आणि भर अकरा वाजता टेलर मास्तरांच्या दुकानात गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं, मास्तर मशीनवर, मुलगा इस्त्रीवर, सून आतल्या उंबऱ्यापाशी काजं करत बसलेली. मी दाराबाहेर टोपली घेऊन उभा.

"मास्तर, हे पडदे परत घ्या," आत्या म्हणाली. "आता लागत नाहीत."

"का हो? उसवले?"

"नाही. शिवण पक्की आहे. माझीच अक्कल उसवली होती." मग ती वळली आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या त्या जुन्या फळ्यावरच्या आवाजात, बोलली. "पोरी, तुझं गुपित माझ्या तोंडून नाही, पण माझ्या खोलीतून फुटलं. तारवाल्याने तारेवर बघितलं आणि तुझ्या नवऱ्याला सांगितलं. मी तुला म्हणत होते इथे काही उरत नाही. ते खरं नव्हतं. तुझी मुलाखत आज तीनला आहे. साडेअकराची गाडी आहे. मी तुला पोचवायला चाललेय. चोरून नाही, रस्त्याने."

इस्त्री कापडावरच राहिली, वास सुटला. मुलगा म्हणाला, "आम्ही नाही म्हटलंय, नंबरबाई."

"घरात म्हटलंयस. आता इथे म्हण, या चौघांसमोर. शाळेत पहिली आलेल्या पोरीला का नाही, ते सांग. मास्तर, तुम्ही सांगा. काजं कोण करणार, हेच ना?"

एक गिऱ्हाईक खोकलं. मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. बंद दाराआड जे ठणकावून बोलता येतं ते उघड्या दुकानात, मापं द्यायला आलेल्या माणसांसमोर, त्यांच्या तोंडून निघेना.

सून उठली. सुई पिनांच्या उशीत टोचली. खुंटीवरून एक राखाडी कोट काढला, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावलेला, आणि अंगात घातला. चालली तशी अस्तरातून कागदांचा करकर आवाज आला. तेव्हा कुठे घरच्यांना कळलं की गाद्या उसवल्या त्या फुकट.

मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "तो कोट गिऱ्हाइकाचा आहे."

"आणून देईन," ती म्हणाली. "अस्तर बदलून."

दोघी बाहेर पडल्या. आत्याने माझ्या हातात खोलीची किल्ली दिली आणि "मिटका बंद कर" एवढंच म्हणाली. मी धावत वर गेलो. पडदे नसल्याने खोली उघडीबोडकी दिसत होती. मिटका बंद केला, केरसुणी फिरली, आणि मी खिडकीशी आलो.

रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या, सावली सोडून. सून पुढे, आत्या अर्धं पाऊल मागे. आत्याची मान दर दहा पावलांनी वळत होती. एकदा पोस्टमनकडे, एकदा चांभाराच्या दाराकडे, एकदा वर, तारांकडे. सवय कुठली जायला. शिंप्याचा मुलगा इस्त्री हातात धरून दारात उभा होता. मास्तर उभे नव्हते, पण त्यांचं मशीन वाजत नव्हतं. कांदेवाली म्हातारी डोळ्यांवर हात धरून बघत होती. आणि तारवाला शिडीवर, एक हात खांबाला, दुसऱ्यात पक्कड. दोघी वळणापर्यंत जाईतो त्याने त्यांच्यावरून नजर काढली नाही. वळणाआड गेल्यावर तो शिडी उतरला, दुकानात गेला, आणि कपाटाशेजारच्या पडद्यासमोर बसला.

मी वरून बघत होतो.